माझ्या मागचे लोक

६ मार्च २०१६, रविवार
सायकल क्लबची पहिली राइड. लातूर ते औसा. वीस जण. मी शेवटचा आलो नाही, हे ठळक लिहून ठेवतो. माझ्या मागे पंचाक्षरी होता, मेडिकलवाला. काडीसारखा माणूस, पण दम शून्य. चढावर मी उतरून सायकल ढकलू लागलो, तर तोही उतरला. बिचारा.
दुकानातल्या काट्यावर वजन १०८. काटा तुरीचा आहे, माणसाला जास्तच दाखवतो.
निश्चय: रात्रीचा भात बंद.

७ मार्च
उमानं भाकरीच दोन केल्या. नाइलाजानं भात घ्यावा लागला.

१३ मार्च
आज मागे व्यंकट. हा शाळेत पी.टी. शिकवतो म्हणे! पाठीवर पंप, पंक्चरचं सामान, ग्लुकोज. एवढं ओझं घेतल्यावर मागेच राहणार, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, ड्यूटी हाय अप्पा. हल्ली मास्तरांना रविवारीही सोडत नाहीत.

२० मार्च
पुन्हा पंचाक्षरी. माझ्या मागे फोनवर बोलत, गाणी म्हणत येत होता. हरलेला माणूस मन रमवणारच. त्याला चिवडा दिला, धीर दिला.
बाकीचे औशाच्या चौकात उन्हात ताटकळत बसले होते, बाटल्या रिकाम्या करून. इथं नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी नाही, आणि एका पंचाक्षरीपायी ही उधळपट्टी! मला फार वाईट वाटलं.
उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा चर्चा. झाला की तिथं क्लबची शाखा निघेल. माझी सासुरवाडीच ती. अध्यक्ष दुसरा कोण होणार? पण अध्यक्षाला कठोर होता आलं पाहिजे.

२७ मार्च
मीटिंगमध्ये ठराव मांडला. दुष्काळ आहे, मागे राहणाऱ्यासाठी कुणी थांबायचं नाही. पुढच्या राइडला जो शेवटचा येईल त्याचं नाव क्लबातून कमी. बोलताना पंचाक्षरीकडे मुद्दाम बघितलं नाही.
सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग टाळ्याच टाळ्या. पंचाक्षरीनं तर दोन्ही हात वर केले. कॅप्टन शिवकांता मॅडमनी तीनदा विचारलं, अप्पा, नक्की का? मी म्हणालो, हाव, नक्की.
घरी उमाला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमान वाटला असावा.

३ एप्रिल, सकाळी ९
निलंगा राइड. झाडाखाली बसून लिहितोय. मागे कुणीच नाही. पंचाक्षरी घाबरून आलाच नाही बहुतेक.

त्याच दिवशी, घरी
निलंग्याला पोचलो तेव्हा सगळ्यांचं जेवण होऊन चहा चालला होता. पंचाक्षरी तिथंच, घाम वाळलेला. मी विचारलं, कोणत्या टेम्पोनं आलास? सगळे हसले. व्यंकटनं तर टेबलावर डोकं टेकलं.
मॅडम हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अप्पा, तुम्हाला चक्कर आली, तुम्ही पडलात तर कुणीतरी पाहिजे ना, म्हणून दर रविवारी चिठ्ठ्या टाकून एकाला तुमच्या मागं ठेवत होतो. कुणीच राजी होत न्हवतं.
मी विचारलं, मग सांगितलं कामून न्हाई?
म्हणाल्या, तुम्ही लई खूष दिसत होतात.
नाव तिथंच काढलं. ग्रुपमधूनही. परत एसटीनं आलो. माझी सायकल टपावर चढवायला पंचाक्षरी आणि व्यंकट पळत आले. बस हलल्यावर मला रडू आलं. कंडक्टर दुसरीकडे बघत उभा राहिला.
उमानं विचारलं, कुणाला काढलं? मी म्हणालो, पंचाक्षरीला.
ती म्हणाली, त्याच्या बायकोचा दुपारीच फोन आलता. आता रविवारी चिडचिड करत घरी यायचा न्हाई म्हणून तिनं सिद्धेश्वराला नारळ फोडलाय.