आईच्या ताटावरची खूण

टूवूंबा,
गुरुवार सकाळ

प्रिय पदू,

तीन दिवसांत पाच फोन केले. दोनदा उचललास, आणि दोन्ही वेळा 'नो वरीज दादा, नंतर बोलू' म्हणून ठेवूनही दिलास. नंतर म्हणजे कधी गं? तुझ्या ट्रीटमेंटचा मंगळवार तोंडावर आलाय. तुझा निनाद सांगत होता, आतून किरणं द्यायची ट्रीटमेंट नको असं हॉस्पिटलला कळवून तू मोकळी झालीस. पाच आठवडे कॅसल हिलच्या घरून रोज हॉस्पिटलला जाऊन बाहेरची किरणं घेतलीस, जुलाब सोसलेस, अन्नाचा वास नकोसा झाला तरी तक्रार नाही केलीस, आणि आता शेवटच्या टप्प्याला हात झटकून बसलीस. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय ना, हे अर्धवट सोडलं तर गर्भपिशवीची गाठ पुन्हा डोकं वर काढेल, आणि थांबायलाही वेळ नाही? अख्ख्या मराठी मंडळाला तब्येतीचे सल्ले देत फिरणारी तू! माझं डोकं नुसतं भणभणतंय.

बरं, कारण विचारलं तर निनाद म्हणाला, आई एकच वाक्य बोलते: "निहारिकाला माझ्यापासून लांब ठेवायचं असेल, तर मला ते जगणं नको." चार वर्षांची नात तुझी, तुझ्या कुशीशिवाय झोपत नाही. ते वाक्य ऐकलं आणि माझा राग तुझ्यावरून उठून भलतीकडेच जाऊन बसला.

इथे एका जुन्या हॉस्पिटलच्या वस्तू मांडलेली खोली आहे. इथे गाडीशिवाय पान हलत नाही, म्हणून दर बुधवारी आमची नुपूर मला तिथे सोडते. वसईची ग्लोरिया आणि मी, दोघं म्हातारे, वस्तू पुसतो आणि शाळेच्या मुलांना माहिती देतो. एका कपाटात शिशाची जाड पेटी आहे, हातभर लांबीचे चिमटे आहेत, आणि रेडियमच्या रिकाम्या नळ्या, काडेपेटीतल्या काडीहून आखूड. खाली चिठ्ठी काय, तर 'किरकोळ उपकरणं'. किरकोळ! ती चिठ्ठी बदला म्हणून चार महिने मागे लागलोय, प्रत्येक वेळी तिथले साहेब हसून 'पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ' म्हणतात. असले चिमटे मी मुंबईच्या हॉस्पिटलात वर्कशॉपमध्ये सरळ केलेत, त्या पेटीच्या गाड्याला चाकं बसवलीत. मॅट्रिकला आपटलेला मी, पण रेडियमच्या खोलीतल्या सिस्टरच्या मागे लागून आणि टाकून दिलेले कॅटलॉग डिक्शनरी घेऊन वाचत सगळं शिकलो.

आईला हीच गाठ झाली एकोणसत्तर साली. तू नऊ वर्षांची, मी एकवीसचा. तेव्हा डॉक्टर हातांनीच त्या रेडियमच्या नळ्या आत, गाठीजवळ बसवायचे. मग तीन दिवस आई उताणी, कूस बदलायची नाही, शेजारी शिशाचा पडदा, आणि किरणं अंगावर नकोत म्हणून नर्सबाई धावत आत, धावत बाहेर. तुला दारातूनच परत पाठवलं. तू हातातला सोनटक्का तिथेच उंबऱ्यावर ठेवलास, आठवतं?

तिसऱ्या दिवशी दोऱ्याला धरून नळ्या काढल्या, धुतल्या, मोजल्या. पेटी उघडून धरायला मीच उभा होतो. पाच गेल्या होत्या, पाच आल्या. सिस्टर म्हणाल्या, आता तुझ्या आईत आणि माझ्यात काही फरक नाही, खुशाल घरी ने. पदू, हे नीट वाच. जे काही होतं ते त्या नळ्यांत होतं. नळ्या बाहेर, की आई मोकळी.

आता तर तेही नाही. आधी भूल देतात, पोकळ नळ्या बसवतात. मग यंत्रातून तारेच्या टोकाला किरणं देणारा तांदळाच्या दाण्याएवढा कण आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि परत यंत्रात. तेवढाच वेळ तू खोलीत एकटी, आणि तेव्हाही डॉक्टर काचेपलीकडून तुझ्याशी बोलत राहतात. त्याच संध्याकाळी निहारिका तुझ्या कुशीत झोपू शकते. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं, पण तुझा विश्वास बसेना. तुला आईचं ताट आठवतंय.

काल ग्लोरियाला हे सांगत होतो, तर हातातलं फडकं आपटून म्हणाली, "शाळेच्या पोरांना सगळं सांगतोस, बहिणीला सांगायला तुझं तोंड शिवलंय काय, हेमू?"

तर सांगतो. म्हणूनच हे पत्र. आई घरी आली तेव्हा तिच्या अंगातली किरणं बाधतील म्हणत काकूने तिचं ताट-वाटी-पेला वेगळा काढला, तुझं अंथरूण स्वतःच्या खोलीत नेलं. भांडी मिसळू नयेत म्हणून खूण कर म्हणाली. भांड्यांवर नाव कोरायचं यंत्र मी वर्कशॉपमधून आणलं. सगळ्यांच्या भांड्यांवर नावं होती, आईच्या ताटावर मी फुली मारली. आणि तू रडत विचारलंस, असं का, तेव्हा वाद मिटावा म्हणून मी म्हणालो, हॉस्पिटलने सांगितलंय. कुणीही सांगितलं नव्हतं. पाच नळ्या स्वतःच्या डोळ्यांनी मोजून आलेला मी, काकूपुढे बोललो नाही आणि तुझ्याशी खोटं बोललो. आई पुढे चौदा वर्षं जगली. काकू गेली, सगळे विसरले, तरी आई त्याच ताटात जेवत राहिली, कारण पुरे आता असं तिला कुणी म्हणालंच नाही. तू डॉक्टरांना घाबरत नाहीयेस, पदू. माझ्या त्या एका वाक्याला घाबरतेयस. माझ्यावर हवी तेवढी चीड, जन्मभर बोलू नकोस, पण माझ्या खोटेपणापायी मरू नकोस.

टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून नुपूर या पानांचे फोटो तुला पाठवतेय. हॉस्पिटलने शुक्रवार दुपारपर्यंत तुझी वेळ राखून ठेवलीय, निनादला फक्त 'हो' म्हण. मी रविवारच्या विमानाने येतोय. ते ताट माझ्याकडेच आहे, बॅगेत घातलंय. मंगळवारी संध्याकाळी तुझा मऊ भात त्यातच वाढू, आणि त्याच ताटातला पहिला घास निहारिकाला तू भरव. मी समोर बसून बघणार आहे.

ताट घेऊन येणारा,
तुझाच दादा