उजेडासाठी उभा

ता. १४, बुधवार

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. खोकला गेला, पोटही बरं आहे. वेळेवर जेवतो की नाही हे दर पत्रात विचारतेस म्हणून सांगतो, जेवतो. खोली तीच आहे. खिडकी उघडली की समोरच्या लाँड्रीची वाफ आत येते, त्यामुळे माझे कपडे न धुताच धुतल्यासारखे वाटतात. तू हसावंस म्हणून लिहिलं खरं, पण माझं मन आज ठिकाणावर नाही.

इकडे नव्या नाटकाच्या प्रयोगांची धावपळ चालू आहे. आमच्या हिरोंनी पुढचा दात नवा बसवून घेतला, तेव्हापासून बोलताना मधूनच शिट्टी वाजते आणि प्रेमाचा प्रवेश ऐन रंगात आला की पहिल्या रांगेतले लोक फिदीफिदी हसतात. दिग्दर्शक बाई डोक्याला हात लावून बसल्यात. हिरो म्हणतात, थिएटरचा आवाज खराब आहे.

बघ, एवढं लिहून झालं आणि मी अजून इकडचं तिकडचंच सांगतोय. तुझ्या पत्रातला शेवटचा भाग माझ्या डोक्यातून जात नाही. तू लिहिलंस, ‘शिवणशाळेच्या नोकरीला नकार कळवायचं ठरवलंय. बाबा स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. तुझं बस्तान बसलंय, मग मी कशाला आडवी येऊ? तू परत यायचा विचार सोड. मी आहे इथे.’

ताई, नकार कळवू नकोस. कळवला असशील तर लगेच फोन कर, नाहीतर स्वतः जा, सांग की चूक झाली, पहिल्या तारखेला हजर होते. का ते लिहितो. फोनवर बोललो असतो, पण फोन दुकानात आणि बाबा तुझ्या बाजूच्याच शिलाई मशिनवर. हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

निघताना मी तुला काय म्हणालो होतो ते तू विसरली नसशील. दोन वर्षं दे, काही जमलं नाही तर येऊन दुकानात बसतो, मग तू तुझ्या वाटेला लाग. ती दोन वर्षं संपली. तू विषय काढला नाहीस, तुझा स्वभावच तो. मी काढला नाही, कारण मला काढायचा नव्हता.

मी पत्रांतून लिहीत होतो की नाटकात आहे, रोज स्टेजवर असतो, काम चांगलं चाललंय. यातलं काहीच खोटं नाही. तरी तुझ्यासमोर बसून मला ते म्हणता आलं नसतं. आधी मी दारात तिकिटं फाडायचो. मग पडदा पडला की खुर्च्या-टेबलं आत-बाहेर करायला लागलो. आणि आता मी उभा राहतो. कसा ते सांगतो. नवीन थिएटरात प्रयोग असला की दुपारी दिवे लावतात. कुठला दिवा कुठे पडतो, नाकाची सावली गालावर येते का, हे बघायला स्टेजवर हाडामांसाचं माणूस लागतं. हिरो त्या वेळी जेवून झोपलेले असतात. माझी उंची त्यांच्याएवढी, म्हणून त्यांचा कोट घालून मला मधोमध उभं करतात. कोट अशासाठी की त्या उजेडात कापडाचा रंगही बघावा लागतो. दिवेवाले काका शिडीवरून ओरडतात, “डावीकडे सरक! मान वर! अरे हलतोस काय, खांबासारखा राहा!” मी राहतो. झालं की कोट खुंटीला अडकवायचा आणि स्टेज झाडून घ्यायचं. संध्याकाळी तो कोट घालून हिरो माझ्या जागेवर उभे राहतात आणि मी विंगेत टेबल धरून वाट बघतो.

बाबा आले ते अशाच एका दुपारी.

ते आले होते हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. दिवे तोंडावर असले की समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही गं. दोन वर्षं माझ्याशी धड एक वाक्य न बोललेला माणूस, गुडघे धरून, दोन बस बदलून येतो, शेवटच्या रांगेत बसून मला बघतो आणि न भेटताच निघून जातो! पत्र वाचताना पहिल्यांदा मला रडूच फुटलं. मग पुन्हा वाचलं. बाबा तुला म्हणाले, ‘मधोमध उभा होता पोरगा. तोंडातून शब्द काढला नाही, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. मोठं काम मिळालंय त्याला, आता काही तो परत येत नाही.’ आणि मग म्हणाले, ‘कोट तेवढा खांद्यात ढगळ होता.’ त्याखाली तू लिहिलंस, बाबा म्हणजे ना, अगदी बाबाच!

तुला गंमत वाटली. मी मात्र त्या कोटापाशीच अडलो. जन्मभर लोकांच्या खांद्यांना टेप लावणारा माणूस तो. रस्त्यानं जाणाऱ्याच्या अंगात भावाचा सदरा आहे की स्वतःचा, हे ते पाठमोरं सांगतात. तो कोट माझ्यासाठी शिवलेला नाही हे त्यांना कळलं नसेल?

काल दुपारी डोअरकीपर काकांना गाठलं. विचारलं, “काका, दिवे लावायच्या दिवशी कुणी म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते का हो?”

“बसले होते की. जाताना मला विचारलं, तो मुलगा नाटकात काय करतो. म्हटलं, नाटकात कुठला? उजेडासाठी उभा करतात त्याला, मग झाडलोट करतो. बरा आहे पोरगा.”

“मग?”

“मग काय! ‘कोट कुणाचा?’ म्हणाले. म्हटलं, हिरोंचा. संध्याकाळच्या खेळाला बसा म्हटलं तर नको म्हणाले. बस कधी आहे विचारलं आणि गेले. का रे? तुझे कोण?”

“ओळखीचे,” मी म्हणालो. बाप म्हणायला जीभ रेटली नाही.

तर ताई, बाबांना सगळं ठाऊक होतं. तुला त्यांनी सांगितलं ते समजून-उमजून, परतीच्या प्रवासात नीट जुळवून सांगितलं.

का सांगितलं, यावर मी खूप डोकं फोडलं. मुलगा झाडू मारतो हे त्यांना सांगवलं नसेल, तुझ्यासमोर माझी लाज राखावीशी वाटली असेल. मला हेच खरं मानायचंय. पण ‘आता काही तो परत येत नाही’ हे त्यांनी तुला का ऐकवलं? शिवणशाळेचं बोलावणं आलं तेव्हापासून ते दुकानात गप्प गप्प असतात, सुई ओवायलाही तुलाच हाक मारतात, हे तूच आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. आई गेल्यानंतर त्यांना रिकाम्या घराची भीती वाटते, ताई. मी परत येणार नाही म्हटल्यावर तू जाणार नाहीस, एवढं ते तुला ओळखतात. मी तरी कुठे वेगळा? तू आहेस तिथे म्हणून मी इथे खुशाल होतो. आम्ही दोघांनी मिळून तुला त्या मशिनला बांधून ठेवलं आणि वर तुझंच कौतुक केलं.

आता तू म्हणशील, अरे, आज खांब झालास, उद्या नट होशील. होणार नाही. नव्या नाटकात एक पाहुणा येतो, ‘कुणी आहे का घरात?’ एवढं विचारतो आणि जातो. दिग्दर्शक बाईंनी ते मला करायला दिलं. मागच्या रांगेत बसून त्या ऐकत होत्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, “परत.” मी परत विचारलं. त्या म्हणाल्या, “मोठ्यानं.” मी नरडं फाडलं तर आवाज चिरकला आणि सगळे हसले. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, “तू उभा फार छान राहतोस. तेवढंच कर.” त्यांनी खवचटपणे म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते काम तिकिटं फाडणाऱ्या मुलाला मिळालं, आणि तो करतोही छान.

मी रविवारी रात्रीच्या बसनं निघतोय. दिवेवाल्या काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मग शुक्रवारपर्यंत तुझ्या उंचीचा कुणीतरी दाखव.” दोन वर्षांचा निरोप हा एवढाच.

मला उगाच मोठ्या मनाचा समजू नकोस. तुझं पत्र आलं नसतं तर मी आणखी दहा वर्षं इथेच उभा राहिलो असतो, आणि आनंदात. तो उजेड अंगावर आला की मला वाटायचं, मी कुणीतरी आहे. ते सोडताना जीव तुटतोय. तुझा थोडा रागही येतोय, लपवत नाही. पण तू लोकांच्या झिजलेल्या कॉलरी उलटून शिवत म्हातारी झालीस आणि त्याला कारण मी, हे मला सोसणार नाही. तिथे तुला शिकवायला मुली मिळतील, राहायला स्वतःची खोली मिळेल. आतून कडी लावता येईल अशी खोली तुला आजवर कधी मिळाली?

बाबांशी भांडू नकोस. मी त्यांना सांगेन, मोठं काम होतं पण मन रमेना, सोडून आलो. ते मान हलवतील, ‘बरं केलंस’ म्हणतील. त्यांना खरं काय ते माहीत आहे, आणि त्यांना ते माहीत आहे हे मला माहीत आहे. तरीही आम्ही दोघं शेजारी-शेजारी मशिनवर बसून त्या मोठ्या कामाच्या गप्पा मारू, गिऱ्हाईक आलं तर त्यालाही ऐकवू. आमचं निभेल. तू मात्र ते ऐकायला तिथे नसावीस. सोमवारी मी दारात येईन तेव्हा तुझी बॅग भरलेली असू दे, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबू नकोस.

तुझ्या जागी बसायला येणारा,
तुझा धाकटा भाऊ