चोवीस पॉइंट एक, की नऊ?

शुक्रवार संध्याकाळ, किचनर

रेसची वही मी स्वतः आखली, स्वतः शिवली. दुर्बिणीचा स्टँड बेसमेंटमध्ये बनवला. घोडा पारखायलाही कुणी शिकवलं नाही. आणि अडलो कुठे, तर स्वतःच्याच अक्षरात!

उद्या पहिली रेस सहा नंबरची, दुसरी तीनची, यात शंका नाही. प्रश्न चौथीचा. त्या तांबड्या घोड्याचा शेवटचा पाव मैल सकाळच्या सरावात मीच घड्याळ लावून मोजला. वहीत सेकंद लिहिलेत चोवीस पॉइंट... मराठी एक, की इंग्रजी नऊ? वर गोल, खाली शेपूट. एक असेल तर तो जिंकतो, नऊ असेल तर चौथासुद्धा येत नाही. आणि उद्या रेसला येणारा आमचा सगळा ग्रुप माझ्या शब्दावर पैसे लावणार.

सुनीता म्हणाली, "अहो, वीस वर्षं झाली या देशात, आकडे तरी एका भाषेत लिहा!"

भिंगातून परत पाहिलं. शेपूट एकासारखं उजवीकडे वळलंय का? की घाईत पेन घसरलं?

तेवढ्यात ऑफिसातल्या कुलकर्णीचा फोन. "राव, ग्रुपला कशाला सांगतोस? चौथीचा घोडा फक्त मला सांग, आत्ता पैसे ट्रान्सफर करतो."

मलाच वाचता न येणारा आकडा विकू? नाही म्हणालो. पाचशे डॉलर देत होता.