पिशवी दिसली की खवळणारी हंसीण

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार, भाऊजींना बसल्या जागेवरून, आणि धाकटीच्या दोन्ही गालांचे पापे. तुझा गुडघा जिना उतरताना कट्ट वाजायचा, तो अजून वाजतो का? (वाजत असला तर उत्तम. आवाज बंद झाला की समजावं दुखणं आत मुरलं, असं आमच्या कारखान्यातले मिस्त्री म्हणतात. ते हे खुर्च्यांबद्दल म्हणतात, पण लागू पडायला हरकत नसावी.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. उजव्या पोटरीवर निळं-हिरवं झालंय तेवढं सोड, ते कशाने झालं हे ओघात येईलच.

हे पत्र मुळात आभाराचं आहे. निघताना तू टोपलीत दोन कोंबड्या घालून माझ्या मांडीवर ठेवल्यास तेव्हा मी केवढं तोंड वाकडं केलं होतं. तू म्हणालीस, "स्वतः वेळेवर जेवत नाहीस, निदान कुणाला तरी वेळेवर खायला घाल." मला वाटलं, ही मला दावं बांधतेय. दावं कसलं, तू शिदोरी बांधून दिली होतीस. कारखान्यात मला सुरुवातीला नुसतं पॉलिश पेपर घेऊन घासायला बसवलं होतं (लाकूड घासतात, मग पुन्हा घासतात, मग मिस्त्री येऊन बोट फिरवतात आणि म्हणतात, घास), आणि पगार हातात पडेपर्यंत मी तुझ्या कोंबड्यांच्या अंड्यांवर जगलो. उकडून, तळून, आणि एकदा स्टोव्ह रुसला तेव्हा कच्चंच. तांबडी रोज देते. कबरी मनाला येईल तेव्हा देते, पण देते तेव्हा सगळ्या आळीला ओरडून सांगून देते.

राहायला खोली मिळाली तीही त्यांच्यामुळेच. घरमालकीण शिवणकाम करतात, मी त्यांना काकू म्हणतो. "एकट्या पोरांना मी खोली देत नाही," असं म्हणून त्यांनी दार निम्मं लावलंसुद्धा होतं, तेवढ्यात टोपलीतून कबरीने मान बाहेर काढली. काकूंनी तिला उचललं, उलटं केलं, तिचे पाय पाहिले आणि म्हणाल्या, ज्याची कोंबडी एवढी स्वच्छ तो खोलीचा उकिरडा करायचा नाही. (पाय तू धुऊन दिले होतेस हे मी बोललो नाही. तेव्हा खोलीसाठीही तुझेच आभार.) खोली परसाच्या टोकाला आहे, पूर्वी तिथे काकूंच्या जुन्या मशिनी ठेवायचे, त्यामुळे अजून कुठूनही टाचण्या निघतात. परसात पेरूचं झाड, पाण्याची टाकी आणि मी कारखान्यातल्या भंगार फळ्यांचं केलेलं खुराडं. त्याला चुकून खुर्चीचं पॉलिश मारलं गेलं, त्यामुळे ते माझ्या खोलीपेक्षा जास्त चकाकतं. घराचं पुढचं दार कापड कापायच्या टेबलाने कायमचं अडलेलं आहे, म्हणून काकूंची गिऱ्हाइकं बाजूच्या फाटकातून, या परसातूनच ये-जा करतात. हे नीट ध्यानात ठेव, कारण सगळं रामायण त्यामुळेच झालं.

तर एके दिवशी कबरी खुराड्यात बसली ती उठेचना. हात लावला तर फुगायची आणि कोळशाच्या इस्त्रीसारखी तापलेली. मला वाटलं ताप आला. मी तिच्या डोक्यावर ओल्या रुमालाची घडी ठेवली. काकू हसून हसून मशीनवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "अरे शहाण्या, खुडूक बसलीय ती. तिला पिल्लं हवीत." पण कोंबडा नसताना नुसत्या अंड्यांतून काय निघणार? जिवंत अंडी आणायची तर रविवारचा बाजार, असं त्या म्हणाल्या. अंडी आण, बाकी कशाकडे बघू नकोस, असंही म्हणाल्या. (ही अट माझ्यासारख्याला घालू नये हे तू त्यांना सांगू शकली असतीस, पण तुमची ओळख नव्हती.)

ताई, तो बाजार तू पाहायला हवास. बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मैदानात सकाळी लोक जमतात, आणि विकतात कमी, बदलतात जास्त. कुणी बकरू देऊन टर्की घेतोय, कुणी सशाच्या बदल्यात पोपटाचा पिंजरा मागतोय आणि पिंजरेवाला त्याला सांगतोय की पिंजरा न्या पण पोपटही न्यावा लागेल, तो शिव्या देतो. एक बाई स्वेटरच्या बाह्यांत लावे पक्षी घेऊन फिरत होती. मी एका कासवाशी थोडा वेळ बोललो. या बाजारात लेखी काही नसतं, एकच नियम असतो, तो मला नंतर कळला. "का देताय?" असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं, टाळायचं नाही. कुणी विचारलंच नाही तर गप्प राहायला मोकळीक. जुनी माणसं म्हणून आधी जनावराकडे बघतच नाहीत, आधी हे विचारतात.

मी नेमका जनावराकडे बघत बसलो. एक निवृत्त पोस्टमन कडेला उभे होते आणि त्यांच्या पायाशी एक पांढरीशुभ्र हंसीण. म्हणजे हंस म्हणावा इतका शांतपणा तिच्यात नाही आणि बदक म्हणावं तर मान फार लांब. शेजारचे मास्तर म्हणतात पुस्तकात हिला कलहंस म्हणतात. त्यातला कलह तेवढा मला पटला. तिने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. मला याआधी कुणी इतकं लक्ष देऊन पाहिलेलं नाही, कारखान्यातही नाही, तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाईंनी पाहिलं होतं ते सोडून. अंड्यांच्या बदल्यात द्यायला मी माझ्या हाताने पॉलिश केलेलं स्टूल नेलं होतं. ते दिलं आणि हंसीण काखेत घेऊन आलो. पोस्टमन काही बोलले नाहीत. मी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत ती अगदी लाघवी वागली. सोमवारी सकाळी मी कामावर निघायला पिशवी खांद्याला अडकवली आणि ती बंदुकीच्या गोळीसारखी आली. पिशवीचा बंद चोचीत धरला, पंख पसरले आणि अशी ओरडली की दूधवाल्याने सायकलवरून उडी मारली. मी पिशवी ओढतोय, ती पिशवी ओढतेय. पिशवी खाली टाकली तर गप्प. उचलली की पुन्हा. शेवटी डबा शर्टात कोंबून गेलो, तर जाताना तिने पोटरीचा हिशेब केलाच. (हाच तो डाग.)

आता तूच विचार कर, शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक काय घेऊन येतं? पिशवी. पडदे पिशवीत, उसवायच्या पँटी पिशवीत, मापाचा जुना झगा पिशवीत. दवाखान्यातल्या नर्सबाई गणवेश आखूड करून घ्यायला आल्या त्या पेरूच्या झाडावर चढल्या. बँकेतले साहेब आपली पिशवी फाटकातच सोडून गेले, ती आम्ही नंतर दोन तुकड्यांत परत केली. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेरूनच लोक हाका मारायला लागले, आणि मग त्याही बंद झाल्या. मशीनचा आवाज थांबला. मला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर झोपच लागेना.

काकू ओरडल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या हळू बोलल्या. "माझं पोट या फाटकातून आत येतं, बाळा. रविवारी ती बाजारात जाईल, नाहीतर तुम्ही दोघं जा." मला बाहेर जा म्हणणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली, तुला माहीत आहे, आणि बहुतेक वेळा त्यांनी म्हणायच्या आधीच मी निघालेलो असायचो. पण बाळा म्हणून कुणी घालवलं नव्हतं. पहिल्यांदाच मला जागा सोडायची नव्हती.

रविवारी तिला घेऊन पुन्हा मैदानात. (पिशवीशिवाय.) पहिला माणूस आला, त्याने विचारलं, का देताय. मी सांगितलं. तो गेला. दुसरी बाई आली, तिलाही सांगितलं, ती हातातली पिशवी पाठीमागे लपवत गेली. पिंजरेवाला म्हणाला, "अरे, जरा कमी खरं सांग की." पण नियम तो नियम. तेवढ्यात ते पोस्टमन दिसले, रिकाम्या हाताने उगाच फिरत होते, आमच्याच आसपास. हंसिणीने त्यांना पाहिलं आणि मान त्यांच्या पोटरीला घासत उभी राहिली. मी म्हटलं, "काका, मागच्या रविवारी विचारायचं राहिलं. तुम्ही का दिलीत?"

ते म्हणाले, "मी चौथ्या मजल्यावर राहायला चाललोय, मुलीकडे. तिथे हिने काय करावं?" मग म्हणाले, एवढीशी होती तेव्हापासून रोज सकाळी मी टपालाची पिशवी खांद्याला लावली की ही आडवी यायची. पिशवी दिसली म्हणजे माणूस चाललं, एवढं एकच तिला आयुष्यात कळलंय. मी विचारलं, मग तुम्ही इतकी वर्षं कामावर गेलात कसे? ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी पत्त्याशिवाय पाकीट टाकलंय. "ओढायची नाही रे पिशवी. खाली ठेवायची, तोंड उघडायचं. ती आत डोकं घालून बघते. तिचं बघून झालं की सोडते. सगळ्यांना वाटतं तिला अडवायचंय. तिला फक्त विचारून जायला हवं असतं."

ताई, मी आजवर किती ठिकाणांहून निघालो याचा विचार करत तिथेच उकिडवा बसलो. आणि नेमका तेव्हाच गिऱ्हाईक आलं. गोदामाचा पहारेकरी. त्याने विचारलं, का देताय. मी सांगितलं की पिशवीवाला दिसला की ही आकाशपाताळ एक करते. त्याचा चेहरा असा उजळला की बास. त्याला अगदी हेच हवं होतं, साखळीला बांधून फाटकाशी ठेवणार म्हणाला, आणि बदल्यात दुभती शेळी देत होता. पिंजरेवाला मला कोपराने ढोसत होता, घे म्हणून. मला नुसती हंसीण उचलून त्याच्या हातात द्यायची होती, हातात दिली की सौदा पक्का. मी उचलली. तिने मान माझ्या कॉलरमध्ये घातली. साखळी हा शब्द माझ्या कानातून जाईना. मी म्हटलं, "नाही देत." पहारेकऱ्याने विचारलं, का नाही देत? आता हे विचारलं तर काय सांगायचं याचा बाजारात काही नियम नाही, म्हणून मी काहीच सांगितलं नाही आणि चालू लागलो.

घरी आलो, काकूंना म्हटलं, दोघं जातो. त्या टेबलावर कापड कापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, बरं. मी खोलीत जाऊन सामान भरलं. तुमच्याकडे यायचंच होतं महिनाअखेरीला, भाऊजींनी कचेरीतली जागा बघून ठेवलीय, मग चार दिवस आधी काय न नंतर काय, अशी मनाची समजूत घातली. पिशवी खांद्याला लावून परसात आलो, आणि अर्थातच ती आडवी आली. या वेळी मी ओढलं नाही. पिशवी खाली ठेवली, तोंड उघडलं. तिने आत मान घातली आणि बघत बसली, बघत बसली. मग माझा शर्ट ओढून बाहेर काढला. मग टॉवेल. मग पायजमा. सगळं सामान परसभर पसरलं आणि ती त्यावर बसली.

काकू दारात येऊन उभ्या होत्या, कधीपासून ते माहीत नाही. मी त्यांना पोस्टमनकाकांची रीत सांगितली. त्या आत गेल्या, एका गिऱ्हाइकाची पिशवी घेऊन आल्या, हंसिणीपुढे उघडून धरली. तिने पाहिलं, नाक मुरडल्यासारखं केलं आणि बाजूला झाली. काकू म्हणाल्या, "उद्या फाटकावर पाटी लाव, पिशवी उघडून दाखवावी. आणि ते कपडे उचल, सकाळी लोक येतील." एवढंच. आता लोक येतात, पिशवी दाखवतात, आत जातात. नर्सबाई तर तिच्यासाठी मुद्दाम रिकामी पिशवी घेऊन येतात. मशीन रात्री जेवणापर्यंत चालू असतं. काकूंना दया आली म्हणून ठेवलं, नाहीतर मी आता कुठे असतो कोण जाणे. तुझे, काकूंचे आणि पोस्टमनकाकांचे उपकार कसे फेडू कळत नाही. काकांना मी रविवारी चहाला बोलावतो, ते तिला भेटतात आणि चौथ्या मजल्यावर परत जातात.

तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लाव.

तुझा पायाला भिंगरी असलेला भाऊ

ता. क. कबरीला अखेर जिवंत अंडी मिळाली, अंडीवाल्या आजींनी दिली. कसली आहेत हे विचारायला मी पुन्हा विसरलो.

ता. क. आणखी एक, म्हणजे खरं तर हे पहिल्या ओळीतच लिहायचं होतं. भाऊजींना सांगशील का, की कचेरीतली जागा दुसऱ्या कुणाला द्या? मी येत नाही. मी इथेच राहतोय. त्यांनी माझ्यासाठी साहेबांपुढे शब्द टाकलाय हे मला माहीत आहे, म्हणून तू सांग, जेवण झाल्यावर सांग. मिस्त्री मला आता बोट न फिरवता पास करतात, हेही सांग.

ता. क. ताई, मी काकू. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. मला दया वगैरे काही आलेली नव्हती. रागाने बोलून गेले आणि रविवारपर्यंत जीव टांगणीला लागला. त्या रविवारी तो आत पिशवी भरत होता तेव्हा मी फाटकाला कुलूप घातलं होतं. तो फाटकापर्यंत पोचलाच नाही, म्हणून त्याला वाटतं हंसिणीने अडवलं. सकाळी तो उठायच्या आत मी ते काढलं. त्याला हे कळवू नका, पुढच्या वेळी कुंपणावरून उडी मारेल.