काचेतली कात्री

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
धाकट्या भावजयीचा दोन्ही हातांनी नमस्कार.

यापुढे 'विनंती विशेष' असं लिहायची रीत आहे. माझी विनंती काहीच नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे, म्हणून नुसतं विशेषच लिहिते. तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढणं कमी केलंत का, की अजून गच्चीवर कपडे वाळत घालायला तुम्हीच जाता? (तुमच्याकडची मंडळी "आम्ही आहोत ना" म्हणत असतील. इकडचीही म्हणतात. म्हणायला काही लागत नाही.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुमच्या बंधूंची प्रकृती तर इतकी उत्तम आहे, की सत्कार झाल्यापासून त्यांची छाती वाढली आणि त्यांच्याच कोटाची बटणं मला पुढे सरकवावी लागली.

परवा तुमचा अभिनंदनाचा फोन आला, तो मीही ऐकला. हल्ली ते फोन स्पीकरवर ठेवतात. कौतुकाचा फोन असेल आणि दुकानात गिऱ्हाईक असेल तर हमखास. तुम्ही म्हणालात, भावाने घराण्याचं नाव राखलं. मग म्हणालात, बाबांची कात्री काचेच्या पेटीत ठेवलीस ते बरं केलंस. 'बाबांची' म्हणण्याआधी तुम्ही जरा थांबलात, तेही मी ऐकलं. तेव्हाच ठरवलं, की वन्संना सगळं सविस्तर कळवायचं. कारण कात्री काचेत गेल्यापासून आपल्या दुकानात एकही कोट कापला गेलेला नाही, आणि ही गोष्ट तुमच्या बंधूंनी तुम्हाला सांगितलेली नाही.

तुम्ही सासरी गेल्यावर दुकानाची रीत किती पुढे गेली, ते आधी सांगते. पुढच्या भागात हे. गळ्यात टेप, बोटांत खडू आणि चेहऱ्यावर मोठ्या डॉक्टरचा भाव. मध्ये पडदा. पडद्यामागे कापायचं टेबल, मशीन, इस्त्री आणि मी. हे गिऱ्हाइकाची मापं घेतात आणि मोठ्याने पुकारतात. गिऱ्हाइकाला वाटतं, मास्तर मापं पाठ करताहेत. प्रत्यक्षात ती मला ऐकवायची असतात. मी पडद्याच्या फटीतून माणूस बघते. टेप नुसता आकडा सांगते. कोणाचा खांदा रोज पिशवी वाहून खाली गेला आहे, कोण पुढे वाकून चालतो, कोणी पोट आत ओढून धरलं आहे, हे टेपला कळत नाही. (पोट सगळेच आत ओढतात. मी प्रत्येकाला दोन बोटं जास्त सोडते.) मग मी कापते, शिवते, आणि माणूस ट्रायलला येतो. आरशात वळून वळून बघतो आणि म्हणतो, मास्तर, काय हात आहे तुमचा! तुमचे बंधू तेव्हा आपला हात उलटसुलट करून पाहतात, जणू त्यांनाही आत्ताच कळतंय.

आमची वाटणी अगदी चोख आहे. कोट अंगावर बसला तर हात यांचा, बगलेत ओढला तर शिलाई माझी. मध्ये एखादी बाई गिऱ्हाईक येते आणि आपुलकीने विचारते, वहिनीही मदत करतात वाटतं? हे म्हणतात, हो, काजं-बटणं बघते, तेवढाच तिचा वेळ जातो. ते मात्र खरं आहे. माझा वेळ गेला. आणि प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशावर यांच्या नावाची पट्टी शिवायची असते, ती कोण शिवतं ते वेगळं सांगायला नको. इतके बारीक टाके घालते मी त्या पट्टीला, की कोट फाटेल पण नाव उसवणार नाही. कामात खोट ठेवायची नाही, ही माझ्या आईची शिकवण. ती शिकवण मला फार महागात पडली.

तर अशा दुकानात संघटनेचं बोलावणं आलं. शिवणकाम करणाऱ्यांची संघटना आहे, ती दर वर्षी एकाला जीवनगौरव देते. मी आपली गमतीने म्हटलं, जीवन दोघांचं आणि गौरव एकाचा, हे कसं काय? हे म्हणाले, अगं, तुझा आणि माझा गौरव काय वेगळा आहे? म्हटलं, मग मीच जाऊन घेऊन येते, तुम्ही दुकानात बसा. यावर ते इतके हसले की ठसका लागला. पाणीही मीच आणून दिलं. भाषणही मीच लिहून दिलं. (त्यात 'वारसा' हा शब्द मात्र त्यांचा. त्या शब्दाचं श्रेय मला नको.)

सभागृहात माझी खुर्ची 'कुटुंबीय' अशा पाटीखाली होती. अध्यक्ष म्हणाले, प्रत्येक यशस्वी पुरुषाच्या मागे एक स्त्री असते. टाळ्या पडल्या. मागे असते हे कबूल, पण पुढे तिच्यासाठी खुर्ची कधी मांडली होती का, हे कोणी विचारलं नाही. मग मानपत्राचं वाचन झालं. त्यात यांची नजर, यांचा हात, यांची कल्पकता असं सगळं ओळीने येऊन गेल्यावर अगदी शेवटी माझी 'मोलाची साथ' आली. वन्सं, हा 'साथ' शब्द मी उलटून पालटून पाहिला. (साथ रोगाचीही येते. त्या अर्थाने लिहिलं असतं तर लोकांनी निदान माझी दखल घेतली असती.) गाणं दुसऱ्याचं असतं तेव्हा साथ म्हणतात. आमच्याकडे गाणारी पडद्यामागे आणि नुसतं तोंड हलवणारे पुढे, अशी मैफल आहे.

व्यासपीठावर मखमली उशीवर कात्री ठेवलेली होती. ही कल्पना यांचीच. बाबांची कात्री, घराण्याचा वारसा वगैरे. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं, पण संघटनेच्या सचिवांना उमाळा आला. ते म्हणाले, मास्तरांनी याच कात्रीने आत्ता आपल्यासमोर एक जाकीट कापून दाखवावं. पुन्हा टाळ्या. टेबल आलं, कापड आलं, त्यावर सचिवांनी स्वतः खडूने रेघा मारल्या. तुमच्या बंधूंनी कात्री उचलली. उजव्या हातात.

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की यांना माहीतच नाही. ती कात्री डावरी आहे, वन्सं. पाती उलटी बसवलेली, कडीही डाव्या अंगठ्याच्या बेताची. इतक्या वर्षांचा संसार, रोज त्या टेबलावरून जाणं-येणं, आणि कात्री डावरी आहे हे या माणसाला ठाऊक नाही. (कधी हातात धरली असती तर कळलं असतं.) अशी कात्री उजव्या हातात धरली की वरचं पातं खडूची रेघ झाकून टाकतं, पाती एकमेकांपासून लांब पळतात, आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडून बसतं. यांनी दाबली. कापड चावलं गेलं. पुन्हा दाबली. अंगठा अडकला. जाकिटाच्या गळ्याच्या जागी उंदराने कुरतडावं तसं काहीतरी तयार झालं. मला ओरडावंसं वाटलं, अहो, डाव्या हातात धरा! पण डाव्या हातात धरून तरी काय होणार होतं म्हणा.

मग यांनी कात्री उंच धरली, माइक जवळ ओढला आणि हसत हसत म्हणाले, "घरात बायकांनी कात्रीला हात लावला, की तिचं हे असं होतं!"

सभागृह हसलं. पुरुष हसले, बायका हसल्या. सचिव तर डोळे पुसत होते. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण ते वाकडं अंगण भर सभेत आपणच निघावं, हा अनुभव वेगळा असतो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? मीही हसले. तोंडाला सवय झाली आहे. घरी परत येताना यांचं मानचिन्ह माझ्या मांडीवर होतं, कारण यांचा अंगठा दुखत होता. त्याचा टोकदार कोपरा सारखा लागत होता आणि मला राग येत होता. लटका नाही, खराखुरा राग. श्रेय घेतलं याचा तेवढा नाही, त्याची सवय होती. पण आपल्याला जमलं नाही ते माझ्या अंगावर झटकलं, आणि तेही मिळालेलं बक्षीस माझ्याच मांडीवर ठेवून, याचा आला.

दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर काचेची पेटी बसवून गेला. आत कात्री. खाली पाटी, की या वडिलोपार्जित कात्रीने मास्तरांनी असंख्य कोट कापले. पेटीला कुलूप आणि किल्ली यांच्या खिशात. मी विचारलं, मग मी कशाने कापू? हे म्हणाले, ती बोथट झालीये, चारचौघांनी बघितलं की. आणि माझ्यापुढे एक नवी कोरी, चकचकीत, उजवी कात्री ठेवली. वर म्हणाले, बघ, तुझ्यासाठीही आणलं ना काहीतरी!

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. त्या कात्रीने माझं कापणं अगदी यांच्यासारखं होतं. (यात अपमान कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.) एक बाही वाया गेल्यावर कात्री खाली ठेवली. आता रोज पुढून मापं पुकारली जातात, मागे मी ती ऐकत चहा पिते, आणि होत काहीच नाही. एका नवरदेवाचा कोट अडलाय, त्याचे वडील रोज येतात. हे त्यांना सांगतात, कलेला घाई चालत नाही. मग पडद्याच्या आत डोकावून हळूच म्हणतात, "अगं, तुझा हात का चालत नाहीये हल्ली?" म्हणजे हात माझा आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण ते पडद्याच्या आत. मी म्हणते, बघा, तिकडे पेटीत असेल. कापणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. पण हात कुलपात आणि मळ तेवढा माझ्याकडे, अशी सध्या परिस्थिती आहे.

असो. माझी तक्रार काही नाही. तुम्ही भावाबद्दल मन वाईट करून घेऊ नका. माणूस दुष्ट नाही. मला ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगितलंही. गुडघ्यांना जपा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि उत्तराची घाई नाही.

तुमची भावजय
(मानपत्रातली मोलाची साथ)

ता. क. : मी लग्न होऊन आले तेव्हा ही कात्री कपाटावर अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. कोणी वापरत नव्हतं. मी ती खाली काढली आणि डाव्या हाताने एका चिंधीवर चालवून पाहिली. सासरे दारात उभे होते. म्हणाले, "घे. तिला पुन्हा हात मिळाला," आणि पाठ फिरवून निघून गेले. 'पुन्हा' का म्हणाले, हे नव्या सुनेने कसं विचारायचं? पण सासरे उजवे होते. त्यांची स्वतःची कात्री अजून खणात आहे, तीही उजवी. डावरी कात्री कोणी उगाच घडवून घेत नाही, कोणासाठी तरी घेतं. तुमच्याबद्दल विचारलं तर हे सांगतात, ताईही लग्नाआधी दुकानात बसायची, काजं-बटणं बघायची. वन्सं, काजं-बटणांना एवढी मोठी कात्री लागत नाही. मागच्या खेपेला तुम्ही कापायच्या टेबलाशी एकट्याच होतात आणि मी पुढे होते, तेव्हा फटीतून पाहिलं. (सवय.) तुम्ही डावा अंगठा कडीत घातलात, कापड नसतानाच कात्री एकदा उघडली, एकदा मिटली. भावाची चाहूल लागली आणि चटकन ठेवून दिलीत.

ता. क. दुसरा : विनंती काही नाही असं वर लिहिलं, ते रीत म्हणून लिहिलं. विनंती आहे. यांना फोन करा. दुपारी करा, दुकानात गिऱ्हाईक असतं आणि नवरदेवाचे वडीलही आलेले असतात. ते फोन स्पीकरवर ठेवतीलच, तुमच्याकडून आणखी कौतुक येईल या आशेने. तेव्हा एवढंच म्हणा, की कात्री बाबांची नाही, माझी आहे, आणि ती मी तुझ्या बायकोला दिली. माझं म्हणणं ते हसण्यावारी नेतील, थोरल्या बहिणीचं नेता येणार नाही. डावरी कात्री नवी मागवता येते म्हणे. पण मला नवी नको, मला हीच हवी.

ता. क. तिसरा : 'बाबांची' म्हणताना थांबलात, तशा 'माझी' म्हणताना थांबू नका. मी ऐकत असेन. पडदा आज सकाळी धुवायला काढला आहे, आणि तो परत लावायचं काम माझंच आहे.