दिव्याला फुटलेले शेपूट

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना धाकटीचा नमस्कार, आणि भाचीला ती झोपलेली असताना एक पापा. आम्ही दोघी ठीक आहोत. आई उद्या सकाळी तुझ्याकडे निघते आहे. हे पाकीट तिच्याच पिशवीत ठेवले आहे. फोन का केला नाहीस, असे विचारशील. काल केला होता. मी वाक्य जुळवीपर्यंत तू "पुस्तकांच्या वाळवे, बोलता येत नसेल तर पत्र लिही" म्हणून हसत फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे.

आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चष्म्याला एकदाची रजा दे, म्हणून तू वर्षभर माझ्यामागे लागली होतीस. मलाही ते हवेच होते. मात्र कुणाच्या नजरेत भरावे म्हणून नव्हे. कुशीवर पडून वाचताना चष्म्याची काडी कानामागे रुतू नये, इतकीच माझी महत्त्वाकांक्षा.

डॉक्टरबाई फार नीट समजावतात. लेसरच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. एकीत कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलतात, खालच्या थराला लेसरने नवा आकार देतात आणि पापुद्रा पूर्ववत मिटवतात. तुझी शस्त्रक्रिया अशीच झाली होती. दुसरीत पापुद्रा करीत नाहीत, वरची साय तेवढी दूर सारतात. तिला दुखणे जास्त आणि धीरही जास्त लागतो. तिसरीत बारीकशा छेदातून आतली एक चकतीच काढून घेतात. ज्यांना लेसर सोसणार नाही, अशांपैकी काहींच्या डोळ्यांत वेगळे भिंग बसवतात. मग त्यांनी माझ्या डोळ्यांची यंत्रावर तपासणी केली. पडद्यावर भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखा रंगीत नकाशा उमटला, आणि त्यात खालच्या अंगाला एक लाल डोंगर.

"मग माझ्यासाठी यांतली कोणती?" मी विचारले.

"एकही नाही. तुमचा कॉर्निया मुळात पातळ आहे आणि शंकूसारखा पुढे येतो आहे. विरलेल्या कापडाला कात्री लावायची नसते."

ताई, मला याची थोडी चाहूल होती. गेल्या महिन्यात छापखान्यात मी मुद्रिते तपासत असताना एका पूर्ण पानावर, जिथे जिथे अनुस्वार होता तिथे तिथे, 'दुसरे टिंब काढावे' अशी खूण करून ठेवली. जुळणी करणारे काका ते पान घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "बाई, दुसरे टिंब आहेच कुठे? का आम्हाला भुताटकी दाखवताय?" सगळे हसले. मीही हसले. नंतर मी उजवा डोळा मिटून पाहिले, मग डावा. दोन्हीकडे टिंबे दोनच होती.

हा आजार पुढे जातो. कॉर्नियावर थेंब घालून, वरून एक विशिष्ट प्रकाश सोडून त्याला थांबवता येते; गेले ते मात्र परत येत नाही. माझ्या डाव्या डोळ्याचे पुढच्या आठवड्यात आहे. माझी चिंता करू नकोस. पत्र माझ्यासाठी लिहिलेलेच नाही.

डॉक्टरबाईंनी विचारले, "डोळे चोळता का?" मी नाही म्हणाले. आई म्हणाली, "चोळते? मळते म्हणा, कणीक मळावी तशी. आमच्या दोघीही तशाच." बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "दोघी? दुसरीचे डोळे कसे आहेत?" आई अभिमानाने म्हणाली, "तिचे लग्नाआधीच लेसर झाले. काही म्हणून त्रास नाही तिला."

मी गप्प राहिले, कारण तुला शब्द दिला होता. पण दारापर्यंत गेल्यावर आईला औषधांच्या खिडकीकडे पाठवले आणि परत आत जाऊन सांगितले: समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटते, असे तू म्हणतेस, आणि ते आईच्या वा भावोजींच्या कानावर घालू नकोस, असेही म्हणतेस.

बाई म्हणाल्या, "तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. असेलच असे नाही. पण असा कॉर्निया लेसरने आणखी पातळ झाला असेल, तर तो लवकर ढासळू शकतो. तुमची बहीण काय करते?"

ताई, मी सांगितले की ती मुलांना शाळेत नेणारी गाडी चालवते. पहाटेच्या अंधारात. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शाळेच्या फाटकाला गाडी घासली, तो किस्सा तू किती रंगवून सांगितला होतास. फाटकवाल्याने दार अर्धे लावले होते, म्हणून त्याला बोलणी बसली. मला वाटते, फाटक उघडेच होते. तुलाही ते ठाऊक आहे. त्या दिवशी गाडीत पहिल्या बाकावर भाची बसली होती.

शाळेची सुट्टी रविवारी संपते. तपासणी होऊन तुझे डोळे ठीक आहेत असे कुणी जाणते माणूस सांगेपर्यंत तू ती गाडी बाहेर काढू नयेस. ती गाडी तू किती हट्टाने मिळवलीस, 'बाई काय चालवणार' म्हणणाऱ्यांची तोंडे कशी बंद केलीस, हे मला माहीत आहे. घरातली धाकटी आणि घाबरट मी. तुला हे सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला, असेही तू विचारशील. कुणीही नाही.

आईला माझ्या डोळ्यांचे ठाऊक आहे. तुझ्या डोळ्यांचे नाही. ते तू तिला सांगावेस.

सोमवारी, तू गाडी काढायच्या आधी, मी भावोजींना फोन करणार आहे. तोवर तू त्यांना स्वतः सांगितले असशील, तर मी फक्त त्यांची खुशाली विचारीन. सांगितले नसशील, तर त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, हे मी धरून चालले आहे.

तरीही तुझीच,
धाकटी