रत्नपालची दौड आणि टीनाचे घर

मी, देवकाबाई शालिकराम गणवीर, वय सदुसष्ट, राहणार दवनीवाडा, जिल्हा गोंदिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तरी ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

हे आताच लिहिण्याचे कारण माझी सून टीना. माझा धाकटा लेक रत्नपाल सिकलसेल या रक्ताच्या दुखण्याने गेला, त्याला सहा वर्षे झाली. टीनाने दुसरे लग्न करावे म्हणून मी जीभ झिजवली, पण ती ऐकत नाही. माझ्यामागे ती या घराला आणि त्याच्या नावाने दरवर्षी निघणाऱ्या दौडीला बांधून राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. राहते घर, मागच्या परसासह, टीनाचे. तिने पुनर्विवाह केला तरी तिचेच. थोरला लेक लोकेश म्हणतो, घर घराण्याबाहेर जाईल. घर कुठे जाते बाबा? आहे तिथेच राहील. रत्नपालच्या दुखण्यात त्याचे पाय चेपत कोण बसले होते, हे लोकेशने आठवावे.

२. नाल्याजवळच्या शेतातल्या धानाच्या बांध्या लोकेशच्या. दौडीचे दवनीवाडा ते गोंदिया हे अंतर मॅरेथॉनएवढे भरत नाही, असे तो नागपूरहून फोनवर सांगतो. त्याने आधी एकदा धावून दाखवावे, मग मोजावे.

३. बँकेतील ठेव दौडीला. दरवर्षी धानाची मळणी आटोपली की दौड निघते आणि जमलेल्या देणगीतून सिकलसेलच्या लेकरांचे औषध व गाडीभाडे होते. अट एकच, वाटेत धावणाऱ्यांना कोणी जेवू घालू नये. पहिल्या वर्षी गावोगावी आमचे सोयरे रस्त्यावर उभे होते, आणि सोयऱ्याच्या दारचा चहा नाकारला तर जन्माचा रुसवा. माझे दीर श्यामलाल यांनी तर मटणाचा रस्सा आणि भात करून पंगतच बसवली. निम्मी दौड त्यांच्या ओसरीवर घोरत पडली. पहिला आला तो बालाघाटकडचा पोरगा, कारण या रस्त्यावर त्याचे कोणी सोयरे नव्हते. रत्नपाल असता तर पोट धरून हसला असता. मी त्या दिवशी हसता हसता रडले.

४. पाणी भरायचा पितळी गुंड श्यामलाल भाऊजींना. त्यातून पाणीच द्यावे, रस्सा नव्हे.

५. दौडीत टीनाने धावलेच पाहिजे, असे कोणी म्हणू नये. यंदा मी तिला विचारले, "काऊन वं, किती दिवस अशीच राहशील?" ती म्हणाली, "मी गेली त यांची दौड कोण धावन, आई?" म्हणून लिहून ठेवते, दौड गाव धावेल. टीनाला वाटले तर तिने धावावे, नाही तर खुशाल चहा पीत पाहावे. रत्नपालची आठवण तिच्या एकटीच्या पायांवर उभी नाही. तो माझाही लेक होता.

६. सायकल दुकानवाला मुन्नालाल अजून बिनलग्नाचा आहे. पहिला येण्याचा दम असून दरवर्षी टीनाच्या मागे, सगळ्यांत शेवटी पोचतो. विचारले की गुडघा पुढे करतो. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. बरोबरच आहे. मुन्नालालला काही दिलेले नाही, आणि टीना ही काही कोणी कोणाला द्यायची वस्तू नव्हे, तिचे ती ठरवील. पण घर तिचे आहे आणि ती मोकळी आहे, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावे, म्हणून साक्षीदार त्यालाच केले.

वरील सर्व मजकूर आज साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. टीना चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "आई, तुमाले काही लाज?" एवढेच म्हणाली. लग्नाला मात्र या खेपेस नाही म्हणाली नाही. ते ऐकले, आणि मगच सही केली.

सही: देवकाबाई शालिकराम गणवीर

साक्षीदार:
१. पुष्पाबाई रामटेके, शेजारीण
२. मुन्नालाल खोब्रागडे, सायकल दुकान (दाराकडे पाहत केलेली पहिली सही ओळीबाहेर गेली, म्हणून दोनदा केली आहे, दोन्ही त्याच्याच.)

स्थळ: दवनीवाडा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१४